पद्मिनीचा काळा प्लग

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून 'फियाट 1100 डिलाइट' बाहेर पडू लागली. 1974 मध्ये तिचं नाव 'प्रीमियर पद्मिनी' झालं. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपातली शेवटची पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली आणि टॅक्सीची वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर 2023 मध्ये तीही निवृत्त झाली. हौशी मालकांकडे मात्र ही गाडी अजून नांदते आहे, आणि त्यांची जुनी तक्रारही तिच्यासोबत नांदते आहे: ॲव्हरेज देत नाही, स्लोवर गचके खाते, सायलेन्सरमधून काळा धूर येतो, मागे उभं राहिलं की डोळे चुरचुरतात. मिस्त्रीच्या शब्दांत सांगायचं तर गाडी 'रिच' चालते.

हे ऐकलं की बहुतेकांचा हात स्क्रूड्रायव्हरकडे जातो आणि कार्ब्युरेटरच्या बुडाशी असलेला मिक्श्चरचा स्क्रू फिरवला जातो. माझं ठाम मत असं की तो स्क्रू सर्वांत शेवटी हात लावायची वस्तू आहे. रिच गाडी दुरुस्त करणं हे मुळात तपासाचं काम आहे. चांगला कार्ब्युरेटर मिस्त्री ओळखायचा तो त्याने काय फिरवलं यावरून नाही, फिरवायच्या आधी काय पाहिलं यावरून.

रिच म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. घाटात जोर काढताना हेच प्रमाण 12.5 ते 13 पर्यंत आणावं लागतं, आणि थंड इंजिन सुरू करताना मिश्रण त्याहूनही दाट हवं असतं. म्हणजे रिच असणं हा दर वेळी दोष नव्हे. गरम झालेलं इंजिन सपाट रस्त्यावर आरामात चाललं असतानाही मिश्रण दाटच राहिलं, तर तो दोष. जास्तीचं पेट्रोल अर्धवट जळून काजळी धरतं. जे जळतच नाही ते सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा थर धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक नाकाशी धरली की त्याचा वास येतो. पातळ झालेल्या ऑइलवर रिंगा आणि बेअरिंगं झिजत राहतात. पंपावर जाणारे जास्तीचे पैसे हे यातलं सर्वांत लहान नुकसान आहे.

तपासाची सुरुवात चारही प्लग काढून क्रमाने मांडण्यापासून होते. फिकट तपकिरी, करडा रंग असेल तर मिश्रण ठीक. कोरडी, मखमली काजळी रिचची खूण. ओलसर, चकाकणारा काळा लेप असेल तर ते इंजिन ऑइल आहे, आणि मग रोग रिंगांत किंवा व्हॉल्व्हच्या सीलांत शोधायचा. चारपैकी एकच प्लग काळा असेल तर कार्ब्युरेटरवर आळ घेण्यात अर्थ नाही, कारण तो चौघांनाही एकाच घशातून वाढतो. दोष त्या प्लगचा, त्याच्या वायरीचा किंवा त्या सिलिंडरच्या कॉम्प्रेशनचा. आणि चारही काळे असले तरी आधी पॉइंट, कंडेन्सर आणि टायमिंग बघायचं. ठिणगी अशक्त असेल तर बरोबर मिश्रणही नीट जळत नाही आणि प्लग तितकाच काळा पडतो. हा टप्पा टाळल्यामुळे कितीतरी निर्दोष कार्ब्युरेटर खोलले गेले आहेत.

प्लग बघण्यापूर्वी गाडी स्लोवर उभी ठेवली तर पुरावा बिघडतो. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर गरम इंजिनवर काही अंतर एका चालीने जायचं, मग क्लच दाबून इग्निशन बंद करायचं, किल्ली लॉकपर्यंत न नेता गाडी कडेला घ्यायची आणि तिथेच प्लग काढायचे. प्लग भाजतो, हातमोजा असू द्या.

आता कार्ब्युरेटर. पद्मिनीवर सहसा एका घशाचा, वरून खाली श्वास घेणारा सोलेक्स असतो. हवा अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर ओढलं जातं. स्लोवर चालवणारी वाट वेगळी, वेगात चालवणारी वेगळी, थंडीत सुरू करणारी आणखी वेगळी. म्हणून गाडी रिच कधी होते, हा पहिला प्रश्न. फक्त स्लोवर असेल तर स्लोची वाट. फक्त वेगात असेल तर मेन जेट आणि त्याची हवा. सदासर्वकाळ असेल तर बहुधा फ्लोट, नाहीतर पूर्ण बंद न झालेला चोक. इथे एक फसगत होते: काही सोलेक्समध्ये चोकची झडप नसतेच, त्याऐवजी बाजूला फिरत्या चकतीचा स्टार्टर असतो. वरून घसा स्वच्छ मोकळा दिसतो आणि चकती किंचित उघडी राहून आतल्या आत पेट्रोल सोडत असते. म्हणून नॉब आत ढकलल्यावर कार्ब्युरेटरवरची दांडी शेवटपर्यंत परतली का, हे हाताने पाहायला हवं. गंजलेली केबल ती अर्ध्यावर अडकवते.

माझ्या मते या सगळ्या यंत्रात सर्वांत दुर्लक्षित भाग फ्लोट आहे. वाटीतल्या पेट्रोलची पातळी एक-दोन मिलिमीटर चढली तरी ते जेटमधून सहज सांडू लागतं आणि मग स्लोपासून टॉपपर्यंत सगळंच दाट होतं. पातळी चढण्याची कारणं तीन. फ्लोट वर आला की पेट्रोलची वाट बंद करणाऱ्या सुईच्या टोकाशी झिजेची कडी पडलेली असते किंवा कचरा अडकलेला असतो. पंपाचा दाब सुईला न पेलणारा असतो. मूळ पंप कॅमशाफ्टवर चालणारा, बेताच्या दाबाचा, आणि हौसेने बसवलेला इलेक्ट्रिक पंप सुई सहज उघडी पाडतो. किंवा पितळी फ्लोटला बारीक छिद्र पडून आत पेट्रोल शिरलेलं असतं. फ्लोट कानाशी हलवला तर आवाज येतो, गरम पाण्यात बुडवला तर छिद्रातून बुडबुडे निघतात. तो डागायचा असेल तर आतलं सगळं पेट्रोल आणि त्याची वाफ आधी बाहेर जायला हवी, नाहीतर फ्लोट हातात फुटेल. शिवाय टाक्याचं शिसं फ्लोट जड करतं, जड फ्लोट खोल बसतो, सुई उशिरा बंद होते आणि गाडी दुरुस्तीनंतरही रिचच राहते. म्हणून मी फ्लोट बदलण्याच्या बाजूचा आहे. सोलेक्समध्ये पातळी सुईच्या सीटखालच्या वॉशरच्या जाडीने जुळवतात: जाड वॉशर, खाली पातळी. पत्रा वाकवण्यापेक्षा ही रीत कितीतरी नेमकी.

जेटचा विषय आला की जुन्या मिस्त्रींचा एक नियम आठवावा: पेट्रोलच्या वाटेत कचरा आला तर गाडी उपाशी राहते, हवेच्या वाटेत आला तर रिच होते. मेन जेटच्या वर एक एअर जेट असतो. वेग वाढला की पेट्रोल हवेपेक्षा जास्त वेगाने ओढलं जातं, आणि हा एअर जेट त्यात हवा मिसळून तोल राखतो. तो तुंबला की नेमकी वेगातच गाडी काळा धूर ओकते. साफ करताना तार घालायची नाही, स्प्रे आणि दाबाची हवा वापरायची. जेटवरचा आकडा साधारणपणे छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सांगतो. 120 चं छिद्र 125 झालं तर दिसायला काहीच फरक नाही, पण क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं. कुणीतरी कधीतरी तारेने खरवडलेला जेट वर्षानुवर्षं पेट्रोल उधळत राहतो, आणि त्यावरचा आकडा मात्र खोटं सांगत राहतो.

टॅक्सीतून सुटलेल्या गाड्यांचा एक खास आजार आहे. त्यातल्या बहुतेक सीएनजीवर चालल्या. गॅस किट काढल्यावर कार्ब्युरेटरवर बसवलेली मिक्सरची कडी तशीच राहिली तर ती घसा आवळते आणि पेट्रोलवर गाडी रिच होते. शिवाय कार्ब्युरेटर वर्षानुवर्षं कोरडा राहिल्याने सुई चिकटलेली आणि डायफ्रॅम कडक झालेले सापडतात. एअर क्लीनर तुंबल्यावरही गाडी रिच होते, पण किती होते ते फ्लोटची वाटी बाहेरची हवा घेते की क्लीनरच्या आतली, यावर ठरतं. बाहेरची घेणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये परिणाम जास्त.

हे सगळं झाल्यावर स्क्रू. इंजिन पूर्ण गरम हवं. स्क्रू आत हलकेच टेकवायचा, आवळायचा नाही, कारण टोकाला खाच पडली की तो कायमचा निकामी. मग दीड फेरा बाहेर. तिथून सावकाश फिरवत इंजिन सर्वांत सफाईने आणि जोरात फिरेल ती जागा शोधायची आणि थ्रॉटलच्या स्क्रूने वेग परत खाली आणायचा. इथे स्क्रू आत घेतला की मिश्रण पातळ होतं. अनेक मोटरसायकलींवर असतो तो हवेचा स्क्रू आणि त्याची चाल उलटी, म्हणून दुचाकीच्या मिस्त्रीच्या हाताखाली पद्मिनी हमखास बिघडते.

पीयूसीबद्दल एक सांगायला हवं. पद्मिनीच्या काळातल्या गाड्यांसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आहे आणि ती स्लोवरच मोजली जाते. स्लोचा स्क्रू आवळून आकडा खाली आणता येतो, प्रमाणपत्र मिळतं, आणि रस्त्यावर मेन जेट पूर्वीसारखाच काळा धूर सोडत राहतो. पास झालेली पीयूसी ही निरोगीपणाची खूण मानू नये.

मुंबईत जुळवलेली गाडी महाबळेश्वरला, साधारण 1,350 मीटरवर, आपोआप थोडी रिच होते, कारण तिथली हवा विरळ. तिथे स्क्रू फिरवू नका, खाली उतरल्यावर ती ठीक होते. उलट 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिश्रण पातळ करतं, कारण त्याला जळायला हवा कमी लागते, सुमारे 13.5 पट. म्हणून पूर्वी किंचित रिच असलेली गाडी आज बरोबर चालताना दिसू शकते. पण जुन्या रबराचे डायफ्रॅम हे पेट्रोल सोसत नाहीत, आणि पंपाचा डायफ्रॅम फाटला की पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतं. ऑइलला वास आला म्हणून कार्ब्युरेटर खोलण्याआधी पंप तपासा.

पद्मिनीचे जेट, सुया आणि वॉशर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधले तर अजून सापडतात, पण कोणता आकडा बसवायचा हे सांगणारी माणसं कमी होत आहेत. तुमची गाडी आज नीट चालत असेल तर जेटांचे आकडे, वॉशरची जाडी आणि स्क्रूचे फेरे एका कागदावर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा, आणि पुढच्या मिस्त्रीला काम देण्याआधी तो कागद दाखवा.