चक्रवाक दिसला नाही

गेली वीस वर्षे मी वर्गात चक्रवाकाचे दुःख शिकवीत आलो आहे. रात्र पडली की चक्रवाक या तीरावर, चक्रवाकी त्या तीरावर आणि उजाडेपर्यंत दोघांच्या आर्त हाका! हा कविसंकेत मी असा रंगवतो की मागची बाकेसुद्धा गप्प होतात. गेल्या वर्षी पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले, "सर, तुम्ही पाहिलाय चक्रवाक?" घंटा झाली म्हणून अब्रू वाचली.

नवरात्र संपताच सौ., चिरंजीव आणि शेजाऱ्यांची दुर्बीण घेऊन मुळशी गाठली. एवढा मोठा तलाव, त्यात पाहुण्या पक्ष्यांचे दिवस. आणखी काय हवे? दोन तासांत पाणकावळे दिसले, बगळे दिसले. चक्रवाक नाही. सौ.ने निमूटपणे थालीपीठे सोडली.

काठावर एक म्हातारबाबा म्हशी राखीत बसले होते. "बदकं हितं कशाला येत्यात? पानी लई खोल."

खरेच होते ते. डोंगरांच्या कुशीत कोंडलेले हे पाणी. लडाख-तिबेटकडे घरटी करणाऱ्या त्या केशरी पक्ष्याला हिवाळ्यात उथळ पाणी आणि मोकळा काठ लागतो. त्यासाठी उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणला जायचे असते. मी मेघदूत शिकवतो, भूगोल नाही!

"त्यो बघा आमचा पावना," बाबांनी ओढ्याच्या मुखाकडे बोट केले. दगडावर चिमणीएवढा पक्षी. पोट पिवळे, लांब शेपटी सारखी खालीवर. करडा धोबी. हिमालयातल्या आणि त्यापलीकडच्या ओढ्यांकाठी वाढायचे आणि पावसाळा सरताना सह्याद्रीत उतरायचे, हा त्याचा क्रम. तोच पक्षी वर्षानुवर्षे त्याच जागी परतल्याची उदाहरणे आहेत. दुर्बीण लागलीच नाही.

"दर साली ह्याच धोंड्यावं," बाबा म्हणाले.

"तुम्ही इथलेच?"

"आज्याचं गाव तितं." त्यांनी तलावाच्या मध्यावर हात केला.

१९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. धरण झालेच. ते पाणी कोकणात भिऱ्याला उतरून मुंबईसाठी वीज करते. हे सारे मला पाठ होते. पण ज्याचे गाव पाण्याखाली गेले अशा घरातला माणूस शेजारी बसलेला नव्हता कधी. काय बोलावे सुचेना. सौ.ने उरलेले थालीपीठ त्यांच्या हातावर ठेवले.

सोमवारी वर्गात सांगून टाकले, "नाही पाहिला." मग तासभर धोब्यावर बोललो. अभ्यासक्रम राहिला तो राहिलाच.

भिगवणची एस.टी. किती वाजता सुटते, ते सौ.ने परस्पर विचारून ठेवले आहे.