‘गोळी घेतली का?’ याचं उत्तर कोण देणार?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी साडेअकराच्या सुमारास कोळवणहून एका आजींना आमच्या रुग्णालयात आणलं. वय ऐंशीच्या घरात, चार वर्षांपासून स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया. अंग घामानं थबथबलेलं, डोळे अर्धवट मिटलेले, बोलणं असंबद्ध. मुलगा म्हणाला, “डॉक्टर, दुखणं एकदम वाढलं.” बोटाला टोचून साखर तपासली, ती 38 निघाली. शिरेतून ग्लुकोज गेल्यावर काही मिनिटांत आजींनी डोळे उघडले आणि मुलाला विचारलं, “लावणी उरकली का रं?”

दुखणं वाढलेलं नव्हतं. मधुमेहाची गोळी दोनदा पोटात गेली होती.

सूनबाईंनी कामावर निघताना गोळी दिली होती. नऊ वाजता दिवसपाळीची बाई आली. तिनं आजींना विचारलं, “गोळी घेतली का?” आजी म्हणाल्या, “मला कुणी काही देत नाही.” बाईनं गोळी दिली. आजींनी न्याहारी मात्र अर्धीच केली. संध्याकाळी रात्रपाळीची बाई भेटायला आली, तेव्हा तिनं हळूच सांगितलं, “आधीही दोनदा पाकिटातल्या गोळ्या जास्त संपलेल्या दिसल्या होत्या. पण बोलले असते तर तिचं काम गेलं असतं.”

तिचं हे वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही.

शेवटचा पहारेकरी गैरहजर

रुग्णालयात औषधांच्या चुका होतात, पण त्यातल्या बऱ्याच तोंडाशी येऊन थांबतात. कारण रुग्ण स्वतःच म्हणतो, “सिस्टर, ही माझी गोळी नाही,” किंवा “मघाशीच घेतली की.” हा शेवटचा पहारेकरी आपण गृहीत धरतो. स्मृतिभ्रंशात तो नसतो. रुग्ण घेतलेली गोळी विसरतो, न घेतलेली घेतली म्हणतो, कधी गालात धरून ठेवतो आणि नंतर थुंकतो. चक्कर आली, मळमळलं, तरी नेमकं सांगता येत नाही. त्यात चुकीच्या औषधाची लक्षणं, म्हणजे गुंगी, गोंधळ, तोल जाणं, ही आजारासारखीच दिसतात. त्यामुळे चूक आजाराच्या नावावर खपून जाते.

आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला गेला. यातले बहुतेक जण घरीच असतात. त्यांची औषधं सून, मुलगा, नातू किंवा ब्युरोकडून आलेली, कसलंही प्रशिक्षण नसलेली बाई देते.

स्वतः सांगू न शकणाऱ्यांच्या बाबतीत काय होतं, हे महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे. 31 जानेवारी 2021 रोजी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका गावात पाच वर्षांखालच्या 12 मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. सुदैवानं मुलं बचावली. कर्मचाऱ्यांवर कारवाईही झाली. पण मला वेगळाच प्रश्न पडतो. त्या टेबलाभोवती एकाहून अधिक माणसं असताना पहिल्या मुलानंतर कुणीच “थांबा” कसं म्हटलं नाही?

चूक, सवय आणि बेपर्वाई

सहकाऱ्याबद्दल बोलण्याआधी समोर नेमकं काय घडतंय हे ओळखावं लागतं. सगळ्याला ‘निष्काळजीपणा’ म्हणून चालत नाही.

पहिली, साधी चूक. सारख्या दिसणाऱ्या दोन पट्ट्यांतली भलतीच गोळी हाती आली. अशी चूक माझ्याकडूनही झाली आहे. शिकाऊ डॉक्टर असताना रात्री आरडाओरडा करणाऱ्या एका आजोबांना मी शांत करण्याचं इंजेक्शन लिहिलं. सिस्टर म्हणाल्या, “सर, संध्याकाळीच दिलंय. कागद बघा.” त्या गप्प बसल्या असत्या तर आजोबांचं काय झालं असतं, कुणास ठाऊक.

दुसरी, अंगवळणी पडलेली पळवाट. आठ जणांच्या गोळ्या आधीच वाट्यांत काढून ठेवायच्या, औषध देण्यापूर्वीच तक्त्यावर सह्या करायच्या, गिळता येत नाही म्हणून कुठलीही गोळी कुटून घालायची. हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली गोळी कुटली की दिवसभराचा डोस एकदमच अंगात जातो, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

तिसरी, बेपर्वाई. आपली रात्र शांत जावी म्हणून झोपेची गोळी एकाऐवजी दोन द्यायच्या. न दिलेलं औषध ‘दिलं’ म्हणून लिहायचं. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांना मनोविकारावरची काही औषधं दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं 2005 मध्येच दिला होता. ही औषधं कधीकधी द्यावी लागतात. पण ती डॉक्टरांनी विचारपूर्वक, कमीत कमी मात्रेत आणि थोड्या काळासाठी द्यायची असतात. पाळी निभावून नेण्याचं ते साधन नव्हे.

चुकीला मदत हवी, सवयीला शिकवण हवी, बेपर्वाईला मात्र कारवाईच हवी. तिन्हींना एकच शिक्षा केली, तर पहिल्या दोन प्रकारची माणसंही लपवायला शिकतात.

मग बोलायचं कसं?

सहकाऱ्याची चूक लक्षात आली, तर आधी रुग्णाकडे बघा. शुद्ध, श्वास, नाडी आणि शक्य असेल तर साखर तपासा. लगेच डॉक्टरांना कळवा. काय दिलं, किती दिलं, किती वाजता दिलं, हे सांगा. रिकामं पाकीट टाकू नका. साखर कमी वाटली आणि रुग्ण नीट गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. गुंगी असेल तर तोंडात काहीही घालू नका. 108 ला फोन करा. मधुमेहाच्या काही गोळ्यांचा परिणाम बराच वेळ टिकतो आणि वर आलेली साखर पुन्हा घसरते. म्हणूनच आजींना आम्ही रात्रभर ठेवून घेतलं होतं.

मग लिहून ठेवा. ‘ती नेहमीच हयगय करते’ असं नव्हे. ‘सकाळी 9 ला पट्टीत सहा गोळ्या होत्या, संध्याकाळी चार’ असं. सहकाऱ्याशी चारचौघांत नव्हे, एकटं गाठून बोला. पुन्हा तेच घडलं किंवा घडलेलं दडवलं गेलं, तर इन्चार्ज सिस्टरना, घरी असाल तर कुटुंबाला सांगा. दुसऱ्याच्या वतीनं सही कधीही करू नका. याला चुगली म्हणत नाहीत. ज्याला बोलता येत नाही, त्याच्या वतीनं आपण बोलत असतो.

घरच्यांचा वाटा

कुटुंबानंही आपल्याकडे पाहायला हवं. “झोपल्या नाहीत तर अजून एक द्या” ही सूचना नव्हे, संकटाला आमंत्रण आहे. आठवड्याच्या कप्प्यांची डबी एकाच माणसानं भरावी. बंद केलेल्या औषधांच्या पट्ट्या घरातून काढून टाकाव्यात. डबीजवळ एकच कागद असावा आणि गोळी गिळल्यानंतरच त्यावर खूण करावी. त्वचेवर लावायची औषधाची पट्टी असेल, तर जुनी काढल्याशिवाय नवी लावू नये. दोन राहिल्या तर उलट्या होतात, नाडी मंदावते. चुकलेला डोस पुढच्या वेळी दुप्पट देऊन भरून काढू नये. पाळी बदलताना दोघीजणी पाच मिनिटं समोरासमोर बोलतील, असं बघावं.

दुसऱ्या दिवशी आजींना घरी नेताना मुलगा चिडलेला होता. दिवसपाळीच्या बाईला त्याच दिवशी काढणार, म्हणाला. मी त्याला विचारलं, “सकाळची गोळी कुणी द्यायची, हे तुम्ही तिला कधी सांगितलं होतंत?” तो काही बोलला नाही. मी रुग्णालयाच्या कागदावर रेघा मारून वार आणि वेळा लिहून दिल्या.

महिन्याभरानं आजी तपासणीला आल्या, तेव्हा तो कागद सोबत होता. तेलाचे डाग पडलेला, तीन वेगवेगळ्या हातांच्या खुणा असलेला. एका रकान्यात दिवसपाळीच्या त्याच बाईनं लिहिलं होतं, ‘गोळी थुंकली. परत दिली नाही. ताईंना फोन केला.’