पाणी जातं कुठं? (लेखांक सातवा) : किनाऱ्याला लागलेली कासवं

गेल्या लेखांकात आपण नाग आणि पिवळी नदीच्या संगमापर्यंत आलो होतो. पुढची वाट नकाशात दिसते. नाग कन्हानला, कन्हान वैनगंगेला मिळते. वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते आणि तिथून बंगालचा उपसागर. या वाटेच्या सुरुवातीला, नागपूरच्या कळमना बाजाराच्या यार्डात, कांद्याच्या जाळीदार गोण्यांचा ढीग नेहमीचाच. त्यातली नाल्यात गेलेली एखादी समुद्रापर्यंत पोचेल? बहुतेक नाही. मध्ये गोसेखुर्द धरण आहे, आणि नागपूरची घाण तिथंच साचते. पण किनाऱ्यावरच्या बाजारांना असं धरण आडवं येत नाही. तिथली गोणी थेट पाण्यात जाते आणि कासवाच्या पायाला अडकते.

“समुद्र कुठं अन् कळमना कुठं, भाऊ!” असं एक अडत्या मला म्हणाला. त्याचं अंतराचं गणित बरोबर आहे. कासवाचं वेगळं असतं. ओडिशात २०२१ साली खुणेची पट्टी लावलेली ऑलिव्ह रिडले मादी २०२५च्या जानेवारीत आपल्या गुहागरला अंडी घालायला आली. म्हणजे पूर्व किनाऱ्यावर मरणारं कासव कोकणचंही असू शकतं.

त्याच जानेवारीत तमिळनाडूच्या किनाऱ्यावर हजाराहून अधिक मेलेली कासवं लागली. डोळे बाहेर आलेले, मान सुजलेली. ही गुदमरल्याची लक्षणं. पाण्यात राहणारा प्राणी बुडून मरतो हे ऐकायला विचित्र वाटतं, पण कासव फुप्फुसानं श्वास घेतं. निवांत पडलेलं कासव तासन् तास पाण्याखाली काढतं. जाळ्यात धडपड सुरू झाली की साठवलेला प्राणवायू भराभर संपतो. ट्रॉलरचं जाळं मात्र दोन-दोन, तीन-तीन तास ओढलं जातं. वर आलेलं प्रत्येक निपचित कासव मेलेलंच असतं असंही नाही. काही बेशुद्ध असतात. मागची बाजू उंच करून, सावलीत, अंगावर ओलं फडकं टाकून ठेवलं तर काही तासांनी हालचाल करतात. घाईनं परत पाण्यात ढकललं की मात्र नक्की बुडतात. किनाऱ्यावर जी मोजली जातात ती थोडीच; बाकीची खोल पाण्यात कुजतात, वारा नेईल तिकडे जातात.

आपल्याकडचं कोडं निराळं. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, तरी डहाणू-पालघरच्या किनाऱ्यावर कासवं लागतात ती नेमकी पावसाळ्यात. कारण नैर्ऋत्येचा वारा. समुद्रात तरंगणारं सगळं तो किनाऱ्याकडे लोटतो: ओंडके, बाटल्या, आणि तुटून वाहत सुटलेली जाळी. पूर्वीची सुती नि सणाची जाळी पाण्यात कुजून जायची. नायलॉन कुजत नाही; धनी नसला तरी पकडत राहतं. त्यात अडकलेल्या कासवाच्या पुढच्या पायाला दोरा काचत जातो, रक्त थांबतं आणि पाय झडतो. डहाणूच्या उपचार केंद्रात अशी पाय गमावलेली कासवं दाखल होतात. पुढचे पाय म्हणजे त्यांची वल्ही, त्यामुळे पाय गेलेल्याला समुद्रात सोडावं की नाही, हा प्रश्न सोपा नसतो.

ट्रॉलरच्या मृत्यूंवर उपाय आहे. जाळ्यात तिरपी गजांची जाळी बसवायची. कोळंबी गजांतून मागे जाते, कासव अडून वरच्या झडपेतून सुटतं. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं भारतीय ट्रॉलरसाठी ती तयार केली आहे. मच्छीमार म्हणतात, झडपेतून मासळीही जाते. ही तक्रार अगदीच खोटी नाही, आणि डिझेलचा खर्च त्यांच्याच खिशातून जातो. ही गजांची जाळी न बसवल्यामुळे अमेरिकेनं २०१९पासून भारताची समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं थांबवलं. शेततळ्यातली कोळंबी चालते, आणि निर्यातीचा मोठा भाग तोच. म्हणून धक्का बसायला हवा तेवढा बसला नाही.

महाराष्ट्रानं वेगळी वाट धरली. जाळं कापून कासव सोडलं आणि त्याचं चित्रीकरण दिलं, तर फाटलेल्या जाळ्याची २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. दंडापेक्षा हे मला शहाणपणाचं वाटतं, कारण जाळं कापायचं की नाही हे ठरतं होडीवर, आणि तिथं वनरक्षक नसतो.

पुढच्या आठवड्यात : वेळासची अंडी.