जंतूंच्या घरात शिरणारी कात्री

पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली लावला. नोबेल पारितोषिकाच्या वेळी, १९४५ मध्ये, त्यांनीच बजावले होते की, औषध अपुऱ्या मात्रेत घेतल्यास जंतू त्याला दाद देईनासे होतील. तसेच घडले. २०१९ या एका वर्षात अशा निर्ढावलेल्या जीवाणूंमुळे जगात सुमारे १२.७ लाख माणसे दगावली, असा अंदाज आहे.

हे जंतू आपला बचाव करतात तरी कसा? स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जीवाणू पाहा. जखमा चिघळवणाऱ्या या जीवाणूभोवती भक्कम भिंत असते. ती बांधणारी प्रथिने म्हणजे त्याचे गवंडी. पेनिसिलिन या गवंड्यांचे हात बांधून टाकते. भिंत कच्ची राहते आणि जीवाणू फुटतो. पण ज्याच्याजवळ ‘मेक-ए’ नावाचे जनुक असते, तो वेगळाच गवंडी कामाला लावतो. त्याच्यापुढे पेनिसिलिनची मात्रा चालत नाही!

मग हे जनुकच कापले तर? तशी कात्री आहे. ‘कॅस-९’ हे प्रथिन मार्गदर्शक आरएनए दाखवील तेथेच डीएनए कापते. या कात्रीच्या संशोधनाबद्दल इमॅन्युएल शार्पांतिए व जेनिफर डाउडना यांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नेहमीची औषधे आतड्यांतील उपकारक जीवाणूंनाही मारतात. ही कात्री मात्र नेमके जनुक हेरते.

अडचण एकच. एवढा मोठा रेणू भिंतीपलीकडे न्यायचा कसा? शिवाय आरएनएवर ऋण विद्युतभार, आणि जीवाणूच्या पृष्ठभागावरही ऋणच. सजातीय भार एकमेकांना दूर लोटतात, हे तुम्ही शिकलाच आहात. येथे नॅनोतंत्रज्ञान मदतीला येते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपला जीवाणू सुमारे १००० नॅनोमीटर रुंद असतो. दक्षिण कोरियातील ‘कायस्ट’ संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये कॅस-९ ला धनभारित बहुवारिक जोडले व त्यात मार्गदर्शक आरएनए मिसळला. त्यातून जीवाणूहून कितीतरी लहान कण तयार झाले. ते जीवाणूंत शिरले, मेक-ए वर घाव बसला आणि औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंची वाढ घटली.

हा प्रयोग प्रयोगशाळेतला होता. रोग्याच्या शरीरात हे कण जंतूंपर्यंतच पोचावेत, आपल्या पेशींना अपाय करू नयेत, हे साधणे अधिक कठीण आहे. तोवर हाती असलेली औषधे जपून वापरली पाहिजेत. साधी सर्दी विषाणूंमुळे होते. तिच्यावर प्रतिजैविके निरुपयोगी आहेत. डॉक्टरांनी ती दिली, तर सांगितल्याप्रमाणेच घ्या. फ्लेमिंग यांचा इशारा आजही तितकाच खरा आहे.