कार्यशाळेतील शिक्षण आणि 'प्रभात'ची जडणघडण

काही समानधर्मी व्यक्ती एकत्र येऊन नवा उद्योग उभारतात, तेव्हा त्याच्या यशाचे श्रेय बहुधा भांडवलास, धाडसास अथवा एखाद्याच्या प्रतिभेस दिले जाते. या व्यक्ती कोठे वाढल्या, काय शिकल्या आणि कोणाच्या हाताखाली शिकल्या, हा प्रश्न मात्र चरित्रकारांवर सोपविण्यात येतो. वस्तुतः अशा मंडळाची घडण समजावयाची असेल, तर आरंभ याच प्रश्नापासून केला पाहिजे. आज ज्यास 'स्टार्टअप' म्हणतात, त्याचे महाराष्ट्रातील एक ठळक पूर्वरूप म्हणून प्रभात फिल्म कंपनीकडे पाहता येते. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर, व्ही. शांताराम आणि सीताराम कुलकर्णी या पाच भागीदारांनी 1 जून 1929 रोजी कोल्हापुरात ही संस्था स्थापन केली.

या पाच जणांत जन्मतः समान असे फारच थोडे होते. दामले यांचा जन्म कुलाबा जिल्ह्यातील पेणचा, ब्राह्मण कुटुंबातला. फत्तेलाल हे कागलचे मुसलमान. शांताराम यांचे वडील जैन, तर आई हिंदू. कुलकर्णी हे कोल्हापुरातील सराफ. तेव्हा या मंडळींना एकत्र आणणारा दुवा कुल, जात वा धर्म यांत सापडणार नाही. विद्यालयातही तो सापडत नाही. कोल्हापूरचेच आबालाल रहमान यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत रीतसर शिक्षण घेतले होते. परंतु 'प्रभात'च्या घडणीमागे तशी पदवी वा परीक्षा नव्हती. त्यांची खरी शाळा म्हणजे आनंदराव व बाबूराव मिस्त्री या दोघा भावांचे काम करण्याचे ठिकाण होय.

'मिस्त्री' हा शब्द येथे विचारात घेण्याजोगा आहे. मराठीत तो पोर्तुगीज 'मेस्त्रे' या शब्दावरून आला. मूळ शब्दाचे दोन अर्थ आहेत: एक, आपल्या कसबात निष्णात असलेला कारागीर आणि दुसरा, शिक्षक. मराठीत पहिला अर्थ रूढ झाला. दुसरा शब्दाच्या वापरातून गळला. व्यवहारातून तो गळला नव्हता, कारण मिस्त्रीच्या हाताखाली काम करणारा उमेदवार काम करता करताच शिकत असे. पुढे हे दोघे भाऊ 'पेंटर' या नावाने ओळखले जाऊ लागले. कारागिराच्या घराण्यातील एक परकीय शब्द जाऊन त्याच्या जागी दुसरा परकीय शब्द आला. दोन्ही वेळी माणसाची ओळख त्याच्या हातच्या कामावरूनच ठरली.

मिस्त्री बंधू नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. 1913 साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला आणि त्यानंतर या दोघांना चित्रपटाचा ध्यास लागला. 1916 साली आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी दामल्यांच्या साहाय्याने 1918 च्या सुमारास चालता कॅमेरा सिद्ध केला. तयार यंत्र विकत घेण्याऐवजी ते स्वतः जुळवावे लागले, यातच त्या शिक्षणाचे मर्म आहे. रंगाचा कुंचला धरणाऱ्या हातालाच पट्टी, कानस आणि भिंग यांचीही ओळख करून घ्यावी लागली. पुढे बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने 'सैरंध्री' हा चित्रपट 1920 साली पुण्यात प्रदर्शित केला.

त्याच वर्षी शांताराम या कंपनीत दाखल झाले. तत्पूर्वी ते काही काळ गंधर्व नाटक मंडळीत, तसेच हुबळी येथील रेल्वेच्या कारखान्यात होते. रंगभूमी आणि यंत्रशाळा असे दोन संस्कार त्यांनी बरोबर आणले. कंपनीत त्यांनी पडेल ते काम केले. 'सिंहगड' (1923) व 'सावकारी पाश' (1925) या चित्रपटांत भूमिका केल्या आणि 1927 साली 'नेताजी पालकर'च्या दिग्दर्शनापर्यंत मजल मारली. दामले व फत्तेलाल यांनीही 1928 साली 'महारथी कर्ण' दिग्दर्शित केला. म्हणजे वेगळे होण्यापूर्वीच या उमेदवारांची परीक्षा होऊन गेली होती.

अशा शिक्षणाची दोन फलिते दाखविता येतात. पहिले म्हणजे समान परिभाषा. 'पडदा' हा एकच शब्द घ्यावा. नाट्यगृहात तो रंगवावयाचा, ओढावयाचा व पाडावयाचा असे. चित्रपटगृहात तो प्रकाश झेलणारा झाला. ज्यांनी पहिला पडदा स्वहस्ते हाताळला होता, त्यांना दुसऱ्या पडद्यावर काय दिसेल याचा अंदाज करणे सोपे गेले. चित्रकार, छायालेखक व दिग्दर्शक यांना परस्परांचे म्हणणे समजावून देण्यासाठी दुभाष्या लागला नाही. दुसरे फलित म्हणजे कामाची विभागणी. 'प्रभात'मध्ये शांताराम यांच्याकडे मुख्यतः दिग्दर्शन, धायबर यांच्याकडे छायालेखन, फत्तेलाल यांच्याकडे कलायोजना आणि कुलकर्णी यांच्याकडे अर्थव्यवहार आला. बोलपटाचे युग येताच दामल्यांनी ध्वनिलेखनाची नवी विद्या हस्तगत केली. चित्रकाराने चाळिशीच्या उंबरठ्यावर असे वळण घ्यावे, हे ज्या कार्यशाळेत कॅमेरा घडला तेथील शिष्यालाच शोभण्यासारखे होते. 1932 चा 'अयोध्येचा राजा' या बोलपटात त्या विद्येचा कस लागला. पुण्यास स्थलांतर (1933) झाल्यानंतर दामले-फत्तेलाल यांनी 1936 साली 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला आणि 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यातील चमत्कारांच्या दृश्यांमागे पडदे रंगविणाऱ्या हातांची जुनी सवय उभी आहे.

तथापि या पद्धतीचे गुणगान करताना तिच्या मर्यादांकडे डोळेझाक करता येत नाही. उमेदवारीचे दार ओळखीने उघडते. शांताराम यांना महाराष्ट्र फिल्म कंपनीत प्रवेश मिळाला तो नात्यातील बाबूराव पेंढारकर यांच्यामार्फत. ज्याला असा नातलग नव्हता, त्याला कितीही गुण असले तरी ते दार बंदच राहिले असणार. स्त्रियांच्या बाबतीत तर ते अधिकच घट्ट होते. 'अयोध्येचा राजा'तील तारामती झालेल्या दुर्गा खोटे मुंबईच्या सेंट झेव्हिअर्स महाविद्यालयात शिकलेल्या होत्या; त्या 'प्रभात'मध्ये आल्या त्या अभिनेत्री म्हणून. भागीदारांत एकही स्त्री नव्हती. शिवाय कार्यशाळा शिष्याला समर्थ करते आणि समर्थ झालेला शिष्य तिच्यात मावत नाही. 1929 साली बाबूरावांच्या बाबतीत जे घडले, तेच 1942 साली 'प्रभात'च्या वाट्याला आले. शांताराम बाहेर पडले आणि त्यांनी मुंबईत राजकमल कलामंदिर स्थापन केले. ही फूट केवळ व्यक्तींच्या स्वभावावर लोटणे पुरेसे नाही. स्वतंत्र होण्याची शक्ती ज्या शिक्षणाने दिली, त्यानेच विभक्त होण्याचे बीजही पेरले.

1945 साली दामले निवर्तले आणि काही वर्षांत 'प्रभात'चे काम थांबले. 1960 साली त्याच आवारात सरकारी चित्रपटशिक्षणसंस्था सुरू झाली. तिने प्रवेशाचे दार ओळखीवर न ठेवता परीक्षेवर ठेवले, हा निःसंशय लाभ होय. मात्र दिग्दर्शन, छायालेखन, ध्वनिलेखन असे स्वतंत्र अभ्यासक्रम आखले, की एकाच शब्दाने सर्वांना आपापले काम कळावे ही स्थिती आपोआप निर्माण होत नाही. ती योजून घडवावी लागते. हा प्रश्न चित्रपटापुरता मर्यादित नाही. संशोधनासाठी विविध शाखांची माणसे एकत्र आणू पाहणाऱ्या कोणत्याही विद्यापीठास, 'मिस्त्री' या शब्दातून गळलेला दुसरा अर्थ आपल्या आवारात कोठे शिल्लक आहे, हे एकदा तपासून पाहावे लागेल.