गोठ्यातला डॉक्टर

मंडळी, आपल्या मुहैस्नाहपासून जवळच, अल खवानीजला, अल रवाबीचा १९८९ सालचा डेअरी फार्म आहे. अशा मोठ्या फार्मवर जनावरांचा डॉक्टर पगारी असतो, आणि त्याचं मुख्य काम म्हणजे जनावर आजारी पडू न देणं. कोल्हापूर-सांगलीकडे दारात दोन-चार म्हशी. तिथे डॉक्टर बोलावतात तो म्हैस वैरण खाईनाशी झाली की!

पण शेतकऱ्याचं म्हणणंही ऐकण्यासारखं आहे. लाळ-खुरकुताची लस टोचली की एक-दोन दिवस दूध थोडं कमी होऊ शकतं. ही खोट दुधाच्या बिलात लगेच दिसते. न झालेला रोग कुठल्याच बिलात दिसत नाही. (आमच्या संगणकाच्या धंद्यात बॅकअपचंही हेच!) शिवाय रात्री गाय अडली तर सरकारी दवाखाना बंद. मग वेळेला धावून येणारा कृत्रिम रेतनवालाच गावाचा 'डॉक्टर' ठरतो.

लाळ-खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात यांच्या मोफत लसीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ पासून आहे. तरी लसीची खरी किंमत कळली ती २०२२ साली, लम्पीने शेजारच्या गोठ्यातला बैल नेला तेव्हा.

गावी फोन कराल तेव्हा एवढं जरूर विचारा: पावसाळ्याआधी घटसर्प-फऱ्याची लस झाली का? चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला किंवा रेडीला सांसर्गिक गर्भपाताची टोचली का? दवाखाना लांब असेल तर फिरत्या पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री नंबर आहे.