मतदानाविषयीच्या अफवा आणि समाजमाध्यम कंपन्यांचे उत्तरदायित्व

मतदार यादीत नाव नसले तरी आधार कार्ड दाखवून ‘कलम ४९-अ’खाली ‘चॅलेंज व्होट’ करता येते आणि एखाद्या केंद्रावर १४ टक्क्यांहून अधिक ‘टेंडर व्होट’ पडल्यास तेथे फेरमतदान होते, हा संदेश भारतात निवडणुकीच्या काळात पुन्हा पुन्हा फिरतो आणि तो पूर्णतः खोटा आहे. यादीत नाव नसलेल्यास मत देता येत नाही. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधील नियम ४९-अ हा मतदान यंत्राच्या रचनेविषयी आहे. आणि प्रदत्त (टेंडर) मते, म्हणजे आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेल्यास कागदी मतपत्रिकेवर घेतली जाणारी मते, ठरावीक टक्के झाली म्हणून फेरमतदान होत नाही.

असा मजकूर पसरला की संबंधित कंपनी वृत्तपत्राच्या संपादकाप्रमाणे आपोआप दोषी ठरते, असे अनेकांना वाटते. वस्तुतः माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७९ नुसार या कंपन्या ‘मध्यस्थ’, म्हणजे इतरांचा मजकूर वाहून नेणाऱ्या संस्था, असून त्या मजकुराच्या दायित्वापासून त्यांना सशर्त संरक्षण आहे. श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये असेही ठरवले की, मजकूर हटवण्याचे बंधन न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची अधिसूचना मिळाल्यावरच येते. मात्र यावरून कंपन्या पूर्णतः मोकळ्या आहेत, हा उलटा निष्कर्षही चुकीचा आहे, कारण याच अधिनियमाखालील २०२१ च्या नियमांनी घालून दिलेली दक्षता न पाळल्यास हे संरक्षणच जाते.

तक्रारीनंतर तीन तासांत कारवाई करण्याचे बंधन संसदेच्या कायद्याने घातले आहे, ही समजूतही तपासून पाहण्याजोगी आहे. तीन तासांची ही मुदत मुंबई उच्च न्यायालयातील जनहित याचिकेच्या पार्श्वभूमीवर मार्च २०१९ मध्ये कंपन्यांनी निवडणूक आयोगाशी चर्चा करून स्वीकारलेल्या ऐच्छिक आचारसंहितेत आहे, आणि तीही मुख्यतः मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांतील प्रचारबंदीच्या भंगापुरती. त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत आयोगाच्या सांगण्यावरून ९०९ नोंदी हटवल्या गेल्या. त्यांपैकी फेसबुकवरील ६५० होत्या, तर व्हॉट्सॲपवरील केवळ ३. या तिनांवरून व्हॉट्सॲप स्वच्छ होते असा अर्थ काढणे भाबडेपणाचे ठरेल, कारण तेथील खासगी संदेश कूटबद्ध असल्याने ते बाहेरच्या कोणाला दिसतच नाहीत.

संदेश वाचता येत नाहीत म्हणून कंपनीला काहीच करता येत नाही, हा युक्तिवाद तिच्याच कृतीने खोडला आहे. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून पाच जणांची हत्या झाली आणि त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून तर वारंवार पुढे आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. मजकूर न वाचताही प्रसाराचा वेग कमी करता येतो, आणि उत्तरदायित्वाचा खरा प्रश्न या रचनेपाशी आहे.

खरे-खोटे शासनाने ठरवून द्यावे, हा सोपा वाटणारा उपाय मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या तथ्यतपासणी कक्षाची तरतूद रद्द करून नाकारला. तो वाद केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीच्या मजकुराचा होता. मतदानाची तारीख, ओळखपत्र आणि प्रदत्त मत यांविषयीची उत्तरे मात्र नियमांत लिहिलेली आहेत आणि आयोगाने एप्रिल २०२४ पासून अशा अफवांची खुलाशांसह नोंदवही संकेतस्थळावर ठेवली आहे. तेव्हा सत्य कोणी ठरवावे, ही कंपन्यांची सबब निदान एवढ्या मजकुरापुरती टिकत नाही.